वस्ताद सोडण्याचा हक्क

२०१६ ची राखीपौर्णिमा १८ ऑगस्टला होती. त्या दिवशी पहाटे रिओहून साक्षी मलिकच्या कांस्यपदकाची बातमी आली आणि मग दिवसभर टीव्हीवर तेच ते शेवटचे काही सेकंद दाखवत राहिले. किर्गिझस्तानची ऐसुलू तिनिबेकोवा ५-० ने पुढे, मग साक्षीने अंगावर घेतलेली झुंज, मग ८-५. मी ती कुस्ती त्या दिवशी सात-आठ वेळा तरी पाहिली असेल. त्या ५८ किलो गटाचं सुवर्ण कोणाला मिळालं, हे मात्र मला संध्याकाळपर्यंत माहीत नव्हतं. माहीत करून घ्यावं असं वाटलंही नव्हतं.

ते मिळालं होतं जपानच्या काओरी इचोला. अथेन्स, बीजिंग, लंडन आणि रिओ, असं सलग चौथं. कोणत्याही खेळात चार ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक सुवर्ण जिंकणारी ती पहिली महिला. साक्षीचं कांस्यही इचोच्या वाटेवरचंच म्हणायचं. साक्षी उपांत्यपूर्व फेरीत हरली ती रशियाच्या वालेरिया कोब्लोवाकडून. कोब्लोवा अंतिम फेरीत पोचली, म्हणून रेपेचाजच्या नियमाने साक्षीला पुन्हा मॅटवर उतरता आलं. उतरल्यावर तिने आधी मंगोलियाच्या ओर्खोन पुरेवदोर्जला १२-३ ने हरवलं. ही ओर्खोन म्हणजे तीच, जिने त्याच वर्षी जानेवारीत क्रास्नोयार्स्कच्या स्पर्धेत इचोला १०-० ने हरवून तिची १८९ विजयांची साखळी तोडली होती. २००७ मध्ये दुखापतीमुळे सोडून दिलेली एक लढत वगळली, तर इचो २००३ पासून कुणाकडूनच हरलेली नव्हती. आपण ज्या मुलीच्या विजयावर पेढे वाटले, तिच्या गटात वर कोण उभी होती याची ही थोडक्यात ओळख.

इचोबद्दल मी नीट वाचलं ते दीड वर्षाने, २०१८ च्या मार्चमध्ये, आणि कारण पदकाचं नव्हतं. ती ज्या गुरूच्या हाताखाली घडली, त्याच गुरूने तिचा छळ केल्याची तक्रार जपान सरकारच्या मंत्रिमंडळ कार्यालयाकडे गेली होती. छळ कशासाठी? तिने त्याला सोडलं म्हणून. हा लेख त्या एका गोष्टीबद्दल आहे. खेळाडूला आपला वस्ताद सोडता आला पाहिजे, आणि सोडल्याची किंमत त्याला संघातल्या जागेने मोजावी लागता कामा नये, असं माझं म्हणणं आहे. ऐकायला ते साधं वाटतं. पण आपल्याकडे ते मान्य करणं किती जड जातं, हे तालमीच्या आसपास वाढलेल्या कुणालाही ठाऊक असेल.

इचो मूळची आओमोरी प्रांतातल्या हाचिनोहेची, म्हणजे जपानच्या मुख्य बेटाच्या पार उत्तर टोकाकडची. थोरली बहीण चिहारूही पैलवान. अथेन्स आणि बीजिंग, दोन्ही ऑलिंपिकमध्ये ४८ किलो गटात तिला रौप्य मिळालं. काओरी शिकायला आली नागोयाजवळच्या विद्यापीठात, ज्याचं नाव पुढे शिगाक्कान झालं. तिथला प्रशिक्षक काझुहितो साकाए. २००४ मध्ये महिलांची कुस्ती ऑलिंपिकमध्ये आली, त्याच्या आधीपासून हा माणूस मुलींना कुस्ती शिकवत होता. मिए प्रांतातली साओरी योशिदा, जिने पुढे तीन ऑलिंपिक सुवर्णं आणि तेरा जागतिक अजिंक्यपदं मिळवली, तीही त्याच्याच हाताखाली होती. एका छपराखाली इतकं सोनं जमा झाल्याचं दुसरं उदाहरण जगाच्या कुस्तीत सापडणं कठीण.

बीजिंगनंतर इचोने ते छप्पर सोडलं. ती टोकियोला आली आणि पुरुष पैलवानांबरोबर सराव करू लागली. अथेन्सला ५५ किलो फ्रीस्टाइलमध्ये कांस्य मिळवलेला चिकारा तानाबे तिला शिकवू लागला. दोन ऑलिंपिक सुवर्णं गळ्यात असलेल्या, चोविशी ओलांडलेल्या मुलीला आपल्या कुस्तीत अजून काही शिकायचं राहिलंय असं वाटावं, याचं मला तरी कौतुकच वाटतं. ते शिकणं पुरुषांच्या मॅटवर होतं, म्हणून ती तिकडे गेली. भांडून गेली नाही, कुणावर चिखलफेक केली नाही.

पण साकाए नुसता प्रशिक्षक नव्हता. राष्ट्रीय संघाच्या तयारीची सूत्रंही पुढे त्याच्याकडे आली, तो जपानच्या कुस्ती महासंघाचा विकासप्रमुख झाला. त्याच्या विद्यापीठाच्या अध्यक्षा महासंघाच्या उपाध्यक्षाही होत्या. थोडक्यात, जिथे सराव तिथेच निवड, आणि निवडीवर तक्रार करायची तर तीही त्याच घरात. आपल्याकडे म्हणतात ना, ज्याच्या हाती ससा तो पारधी.

महासंघाने आधी सगळं नाकारलं. मग ओरड वाढली तशी वकिलांची त्रयस्थ समिती नेमावी लागली. एप्रिल २०१८ मध्ये तिचा अहवाल आला. प्रत्येक आरोप समितीने मान्य केला नाही, पण चार घटनांत अधिकाराचा गैरवापर झाल्याचा निर्वाळा दिला. जपानी लोक याला ‘पावाहारा’ म्हणतात. पॉवर हॅरॅसमेंट या इंग्रजी जोडशब्दाचं त्यांनी केलेलं लघुरूप. त्या चार घटनांतली एक २०१० च्या सराव शिबिरातली. साकाए इचोला म्हणाला होता, माझ्या समोर कुस्ती खेळायची तुझी हिंमत कशी होते! दुसरी त्याच वर्षीची. इचो सप्टेंबरात मॉस्कोला जागतिक विजेती झाली आणि तरी नोव्हेंबरातल्या ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेच्या संघात तिचं नाव नव्हतं. बाकीच्या दोन तानाबेबद्दलच्या. तिला शिकवू नकोस, म्हणून त्याच्यावर टाकलेला दबाव.

तानाबेची गोष्ट मला जास्त बोलकी वाटते. इचोसारखीला घाबरवून गप्प बसवणं अवघड असतं. तिच्या मागे पदकं असतात, लोक असतात. तिला शिकवणाऱ्याच्या मागे काहीच नसतं. झाड तोडता येत नसेल तर त्याचं पाणी तोडायचं, हा प्रकार आपल्या गावांतल्या भाऊबंदकीतही चालतो.

आणि मार्च २०१८ मधलं ते विधान. शिगाक्कानच्या अध्यक्षांनी पत्रकार परिषद घेऊन साकाएची बाजू मांडताना विचारलं, मुळात इचो आता खेळाडू तरी आहे का? रिओनंतर इचो स्पर्धेत उतरलेली नव्हती हे खरं. पण २०१६ मध्ये याच देशाने तिला राष्ट्रीय सन्मान पुरस्कार दिला होता, पंतप्रधानांच्या हस्ते. चार सुवर्णांची धनीण ‘खेळाडू’ आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार आपल्याला आहे, असं कुणाला इतक्या सहज वाटू शकतं, ते मी त्या दिवशी पाहिलं.

आता दुसरी बाजू. ती मोठी आहे आणि तिला बगल देण्यात अर्थ नाही.

पहिलं म्हणजे योशिदा. ती साकाएला सोडून गेली नाही. तिला खरी कुस्ती शिकवली ती तिच्या वडिलांनी, एइकात्सू योशिदांनी, घरच्या तालमीत. पण मोठी झाल्यावर ती साकाएकडेच राहिली आणि ११९ सलग विजयांपर्यंत गेली. गुरूविरुद्ध तिने कधी शब्द काढला नाही. दुसरं, रिसाको कावाई. रिओत ६३ किलोचं सुवर्ण जिंकल्यावर तिने आनंदाच्या भरात साकाएलाच मॅटवर दोनदा आपटलं आणि मग खांद्यावर घेऊन मिरवलं. ते दृश्य ज्यांनी पाहिलंय त्यांना त्यातलं प्रेम खोटं वाटणार नाही. रिओत जपानी मुलींनी चार सुवर्णं जिंकली आणि चारही जणी शिगाक्कानमध्ये घडलेल्या, इचोसकट. मग असं म्हणणारा भेटतोच, की बाबा रे, हा माणूस कडक असेल, तोंडाचा फटकळ असेल, पण सोनं यानेच काढलं ना?

काढलं. यात मला एक अक्षरही खोडायचं नाही. तरीही या युक्तिवादात दोन भोकं आहेत.

एक तर इचोचीच पदकं मोजा. दोन सुवर्णं साकाएकडे असताना, दोन त्याला सोडल्यावर. लंडनला तर ती घोट्याच्या दुखावलेल्या स्नायुबंधांनिशी लढली आणि जिंकली. रिओच्या अंतिम फेरीत शेवटच्या क्षणांपर्यंत १-२ ने मागे होती. कोब्लोवाने पाय धरला, इचोने तोच डाव उलटवला, ३-२. ज्या मुलीची आई दीड-पावणेदोन वर्षांपूर्वी गेली होती, जिची साखळी जानेवारीत तुटली होती, जिच्या प्रशिक्षकावर आतून दबाव होता, तिने बत्तिसाव्या वर्षी हे केलं. वस्ताद सोडला की पैलवान संपतो, हे सांगणाऱ्यांना याचं उत्तर द्यावं लागेल.

दुसरं भोक मोठं. साकाए त्या एप्रिलमध्येच पदावरून गेला, दोनेक महिन्यांत विद्यापीठानेही त्याला काढलं. त्याच्याशिवाय जपानची कुस्ती बुडणार होती की काय? टोकियो ऑलिंपिकमध्ये जपानी मुलींनी पुन्हा चार सुवर्णं जिंकली. त्यांतल्या काही जणी त्याने घडवलेल्या होत्या, हे मान्य. पण २०२४ ला पॅरिसमध्येही चारच आली, आणि त्या चौघींपैकी एकही शिगाक्कानची नव्हती. ५३ किलोतली अकारी फुजिनामी तिच्या वडिलांकडे शिकलेली आणि टोकियोच्या क्रीडाविज्ञान विद्यापीठातली; त्याच विद्यापीठात इचोने २०१८ मध्ये पुनरागमनाची तयारी केली होती. ७६ किलोची युका कागामीही तिथलीच. त्सुगुमी साकुराई आणि साकुरा मोतोकी गुन्मा प्रांतातल्या एका विद्यापीठाच्या. एका छपराखालचं सोनं दुसऱ्या दोन घरांत वाटलं गेलं आणि वजन तेवढंच भरलं.

यावर कुणी म्हणेल, पाया साकाएने घातला म्हणून हे झालं. असेल. पण पाया घालणाऱ्याला घराच्या चाव्या कायमच्या द्याव्या लागतात का?

आपल्या तालमींचं इथे आठवल्याशिवाय राहवत नाही. मातीच्या हौद्यात उतरण्याआधी वस्तादाच्या पायाला हात लावायचा, हे मी लहानपणी पाहिलंय, आणि त्यातलं काही मला आजही सुंदर वाटतं. वस्ताद पोराच्या खुराकाची सोय करतो, स्वतःच्या खिशातून दूध-बदाम पुरवतो, कुस्त्या जोडतो, पोरगं आजारी पडलं तर उशाशी बसतो. हे ऋण पैशात फिटत नाही. म्हणूनच एखादा पठ्ठा दुसऱ्या तालमीत गेला की सबंध गाव त्याला बेइमान ठरवतं. आमच्या गावात असा एकजण होता. परत आल्यावर त्याला जत्रेच्या कुस्त्यांत जोडच मिळेना. मिळेना म्हणजे कुणी देईना. बिचारा शेवटी बाजारसमितीत हमाली करू लागला. त्याचं चुकलं काय, हे मी मोठ्यांना विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, ‘वस्ताद सोडला त्यानं.’ एवढंच. पुढचं सांगायची गरज कुणाला वाटली नाही.

ऋण असतं म्हणून माणूस गहाण पडत नाही. तालमीतला वस्ताद आणि राष्ट्रीय महासंघाचा अधिकारी यांत फरक आहे तो इथे. तालमीतला वस्ताद रागावला तर फार तर त्याची तालीम बंद होईल, दुसरी उघडी असेल. महासंघातला रागावला तर देशाचं दार बंद होतं, आणि देशाला दुसरं दार नसतं. साकाए इचोवर नुसता रागावला असता, तिच्याशी बोलणं टाकलं असतं, तर ती दोन माणसांची गोष्ट राहिली असती आणि मला त्यावर लेख लिहिण्याचं कारण नव्हतं. राग त्याचा खाजगी होता. आशियाई स्पर्धेतली जागा त्याची खाजगी नव्हती.

निवडीचा प्रश्न मराठी माणसाला नवा नाही. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी खाशाबा जाधवांना संघात घेतलं जात नव्हतं, तेव्हा पतियाळाच्या महाराजांनी मध्ये पडून फेरकुस्ती लावली आणि खाशाबांनी मॅटवर उत्तर दिलं, अशी हकिगत कुस्तीवाल्यांत सांगितली जाते. त्या ऑलिंपिकमध्ये खाशाबांना कांस्य मिळालं. त्यांच्या गटातलं सुवर्ण जपानच्या शोहाची इशीचं, आणि ते युद्धोत्तर जपानचं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण होतं. खाशाबांना महाराज भेटले. ज्याला महाराज भेटत नाहीत, त्याने काय करायचं? व्यवस्था असते ती याच माणसासाठी.

आणि व्यवस्थेकडे तक्रार करणार कोण? इथे इचोच्या प्रकरणातली एक गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात आली. तक्रार तिने स्वतः केली नव्हती. ती वकिलामार्फत, तिच्याविषयी कळकळ असणाऱ्यांनी पुढे नेली. इचोने जाहीरपणे एवढंच सांगितलं, की तक्रारीत माझा हात नाही, चौकशी करणाऱ्यांनी विचारलं तर मी बोलेन. आठ वर्षं ती गप्प होती. त्या आठ वर्षांत दोन ऑलिंपिक सुवर्णं. जिच्या आवाजाला सबंध जपानमध्ये वजन होतं, तिलाच बोलावंसं वाटलं नाही, तर एकोणीस वर्षांची, राष्ट्रीय शिबिरात पहिल्यांदा आलेली मुलगी बोलेल असं समजणारे भोळे तरी आहेत किंवा सोयीस्कर तरी. ‘कुणी तक्रारच केली नाही’ हे वाक्य मी आता कोणत्याही संस्थेच्या तोंडून ऐकलं की माझा विश्वास वाढण्याऐवजी कमी होतो.

जपानमध्ये हे पहिल्यांदा घडत नव्हतं, हेही सांगायला हवं. लंडन ऑलिंपिकनंतर पंधरा महिला ज्युदोपटूंनी राष्ट्रीय प्रशिक्षकाच्या मारहाणीविरुद्ध एकत्र पत्र दिलं होतं आणि २०१३ मध्ये त्याला जावं लागलं. तेव्हा देश हादरला, समित्या बसल्या. तरीही कुस्तीच्या घरात पाच वर्षं काही हललं नाही.

साक्षी मलिकचं पुढे काय झालं ते आपल्याला माहीत आहे. जानेवारी २०२३ मध्ये ती, विनेश फोगट, बजरंग पुनिया जंतरमंतरवर बसले. आरोप भारतीय कुस्ती महासंघाच्या अध्यक्षांवर होते, लैंगिक छळाचे. इचोच्या प्रकरणापेक्षा फार गंभीर जातीचे. न्यायालयाने पुढे आरोप निश्चित केले, तेव्हा त्याचा निकाल मी देणार नाही. मला तुलना करायची आहे ती घराच्या बांधणीची. जपानमध्ये त्रयस्थ वकिलांनी महिनाभरात अहवाल दिला, तो लोकांनी वाचला, संबंधित माणसाने त्याच दिवशी पद सोडलं. आपल्याकडे सरकारने देखरेख समिती नेमली, पण तिचा अहवाल लोकांसमोर ठेवलाच नाही. मे महिन्यात पैलवानांना रस्त्यावरून फरफटत नेल्याचे फोटो जगाने पाहिले. डिसेंबरात महासंघाची निवडणूक झाली, आधीच्या अध्यक्षांचा निकटवर्तीय निवडून आला, आणि साक्षीने आपले बूट टेबलावर ठेवून कुस्ती सोडली. रिओच्या एकाच पोडियमवर उभ्या असलेल्या दोघींना सात-साडेसात वर्षांत आपापल्या महासंघाच्या दारात हे पाहावं लागलं.

त्याच २०२३ च्या मार्चमध्ये, जंतरमंतरच्या दोन फेऱ्यांच्या मधल्या दिवसांत, सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने गदा उचलली. मला आनंद झाला, आणि काळजीही वाटली. आता गावोगावच्या तालमींत मुली येतील, येताहेतच. त्यांचे वस्ताद बहुतेक पुरुष असतील, पुष्कळदा वडीलच. उद्या त्यांतली एखादी म्हणाली की मला दुसरीकडे शिकायचंय, तर जिल्हा संघटनेत बसलेला तिचा वस्ताद तिची निवड चाचणी घेणार का? घेऊ नये. शिकवणारा हात आणि यादी लिहिणारा हात एकाच माणसाचे असू नयेत. निवडीचे निकष चाचणीच्या आधी कागदावर असावेत. आणि तक्रार ऐकणारा माणूस कुस्तीच्या बाहेरचा असावा, ज्याला कुणाच्या पठ्ठ्याशी देणंघेणं नाही. यात काही क्रांती नाही. ग्रामपंचायतीच्या पाणीपट्टीतसुद्धा आपण वसूल करणारा आणि हिशेब तपासणारा वेगळा ठेवतो.

वयाच्या चौतिसाव्या वर्षी इचो परत आली. डिसेंबर २०१८ च्या अखिल जपान स्पर्धेत ५७ किलोत ती अंतिम फेरीत रिसाको कावाईसमोर उभी राहिली, साकाएला खांद्यावर घेऊन नाचलेल्या त्याच कावाईसमोर, आणि जिंकली. पुढच्या जूनमध्ये कावाईने तो निकाल फिरवला. मग दोघींत एक निर्णायक कुस्ती ठेवण्यात आली, जुलै २०१९, टोकियोशेजारच्या साइतामामध्ये. जी जिंकेल ती जागतिक स्पर्धेला आणि तिथून टोकियो ऑलिंपिकच्या दिशेने. गुण झाले ३-३. बरोबरी सुटते त्या नियमाने पारडं कावाईकडे झुकलं. पाचव्या ऑलिंपिकची वाट तिथे बंद झाली.

२०१० मध्ये इचोचं नाव बंद दाराआड गळलं होतं. या वेळी ती हरली तेव्हा घड्याळ सगळ्यांसमोर लागलेलं होतं, गुणफलक उजळलेला होता, आणि समोरची मुलगी तिच्याइतकीच दमलेली होती.